मुलांना ड्रोन आणि उड्डाणाचं विज्ञान शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षक, पालक आणि अधूनमधून मुलंही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाभूत आहेत, शेवटचे तिरके. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात गेला आहे, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

आमची एक भूमिका आधीच सांगून ठेवतो. आजचा ड्रोन उडवायला फार सोपा आहे आणि म्हणूनच तो घेऊन विज्ञान शिकवणं अवघड जातं. तोल सांभाळण्याचं सगळं काम तो आतल्या आत उरकतो आणि मुलांना त्यातलं काहीच दिसत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा झाकलेला भाग उघडा करायचा खटाटोप आहे.

१. ड्रोन म्हणजे नेमकं काय? विमान आणि हेलिकॉप्टरपेक्षा तो वेगळा कसा?

आत माणूस न बसता उडणारं कोणतंही यान म्हणजे ड्रोन. विमानासारखे पंख पसरलेले ड्रोनही असतात. पण शाळेत ज्याला ड्रोन म्हणतात, तो जवळजवळ नेहमी चार पंख्यांचा क्वाडकॉप्टर असतो.

विमानाला वर राहायचं तर पुढे धावत राहावं लागतं, कारण पंखांवरून हवा वाहती हवी. हेलिकॉप्टर आणि क्वाडकॉप्टर पंखच गोल फिरवतात, म्हणून त्यांना एका जागी अधांतरी राहता येतं. हेलिकॉप्टरमध्ये फिरत्या पात्यांचा कोन सतत बदलणारी किचकट यंत्रणा असते. क्वाडकॉप्टरची पाती मात्र घट्ट बसवलेली असतात आणि बदलतो तो फक्त मोटरींचा वेग. हलणारे भाग इतके कमी आहेत की मुलं ते मोजूनच सांगू शकतात.

२. कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

कागदी विमानं आणि भिरभिरी सहा-सात वर्षांपासून. बलांची भाषा, म्हणजे वजन, रेटा, हवेचा अवरोध वगैरे, साधारण दहाव्या वर्षापासून. छोटा ड्रोन हातात द्यायचा तोही याच सुमारास, मोठं माणूस शेजारी असताना. सुटे भाग जोडून ड्रोन बांधायचा असेल तर आठवीच्या आधी घाई नको. त्यात सोल्डरिंग येतं आणि बॅटरीही उघडीवाघडी हाताळावी लागते.

३. आमच्याकडे ड्रोनच नाही. तरी हे शिकवता येईल का?

येईल, आणि आमच्या मते पहिले दोन-तीन तास ड्रोनशिवायच व्हायला हवेत. ड्रोन टेबलावर दिसला की मुलांचं लक्ष दुसरीकडे कुठेही लागत नाही.

सगळ्यात जास्त शिकवणारी वस्तू म्हणजे कागदाचं भिरभिरं. साधारण २० सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. एका टोकाकडून मधोमध निम्म्यापर्यंत कापा. झालेल्या दोन पाकळ्या एक पुढे, एक मागे अशा दुमडा. खालचा भाग दोन्ही बाजूंनी आत दुमडून अरुंद करा आणि तळाला कागदाची क्लिप लावा. डोक्यावरून सोडलं की ते गरगरत खाली येतं.

आता एकेक बदल करा, पण प्रत्येक बदलाआधी मुलांना अंदाज वहीत लिहायला लावा. पाकळ्या उलट बाजूंना दुमडल्या तर? फिरण्याची दिशा उलटते. दोन क्लिपा लावल्या तर? लवकर पडतं आणि जोरात फिरतं. पाकळ्या एकाच बाजूला दुमडल्या तर? फिरणंच बिनसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त इथे लागली तर पुढे ड्रोनच्या प्रयोगांना फार उपयोगी पडते.

ज्यांना हे पोरखेळ वाटतं त्यांच्यासाठी: १८७८ मध्ये राइट बंधूंचे वडील मिल्टन राइट यांनी आपल्या मुलांसाठी रबरबँडवर उडणारं एक खेळण्यातलं हेलिकॉप्टर आणलं. विल्बर तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि ऑर्विल सात. ते मोडल्यावर भावांनी त्याच्या प्रती स्वतः बनवल्या. उडण्याची गोडी तिथून लागली, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे.

४. विमानाचा पंख उचलला कसा जातो? वरच्या हवेला लांबचं अंतर कापावं लागतं म्हणून ती जोरात धावते, असं आम्ही शिकवत आलो. ते बरोबर आहे ना?

नाही. हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ती गोष्ट अशी सांगितली जाते: पंखाचा वरचा भाग फुगीर, म्हणून वरची वाट लांब. पुढच्या कडेपाशी फुटलेल्या हवेच्या दोन्ही भागांना मागच्या कडेला एकाच वेळी पोचायचं असतं, म्हणून वरची हवा वेगाने जाते. वेग जास्त म्हणून दाब कमी, आणि पंख वर. यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. वर वेग जास्त आणि दाब कमी असतो, हे मोजून दिसतं. खोट आहे ती मधल्या वाक्यात. दोन्ही हवांनी एकाच वेळी पोचलंच पाहिजे, असा निसर्गात कुठलाही नियम नाही. धुराचे छोटे झोत पंखावरून सोडून पाहिलं तर वरचा धूर खालच्याच्या बराच आधी मागे पोचलेला दिसतो. केंब्रिजचे होल्गर बाबिन्स्की यांनी शिक्षकांसाठी हे फार स्वच्छ दाखवलं आहे. ‘नासा’ही आपल्या शैक्षणिक पानांवर हे स्पष्टीकरण चुकीच्या सिद्धांतांच्या यादीत टाकते.

मुलांना पटवायला दोनच उदाहरणं पुरतात. कागदी विमानाचा पंख सपाट असतो, वरची आणि खालची वाट सारखीच, तरी ते तरंगत जातं. कसरतीची विमानं उलटी होऊनही उडतात.

मग खरं काय? पंख आपल्यावरून जाणाऱ्या हवेला खाली वळवतो. त्याने हवेला खाली ढकललं की हवा त्याला वर ढकलते, हा न्यूटनचा तिसरा नियम. हेच चित्र पंखाच्या पृष्ठभागावरून पाहिलं तर वर कमी दाब आणि खाली जास्त दाब दिसतो, आणि तिथे १७३८ मध्ये ग्रंथ लिहिणारे डॅनियल बर्नूली येतात. ‘न्यूटन खरा की बर्नूली?’ असा वाद वर्गात रंगवला जातो तो निरर्थक आहे. हिशेब एकच आहे, फक्त दोन बाजूंनी मांडलेला.

एक जाड पुठ्ठा टेबलफॅनसमोर धरा. सपाट धरला की शांत राहतो, पुढची कड किंचित उचलली की हाताला वर ओढ जाणवते. कोन वाढवत नेला की ओढ वाढते आणि एका कोनानंतर पुठ्ठा नुसता मागे रेटला जातो. विमान ‘स्टॉल’ होतं ते हेच. एवढं हाताला कळलं की पुढचं फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात.

५. मग ओठांशी कागदाची पट्टी धरून वरून फुंकायचा प्रयोग बंद करायचा का?

करा की, प्रयोग छान आहे. फक्त त्याचं नेहमीचं स्पष्टीकरण बदला. लोंबणारी पट्टी वर येते कारण फुंकेचा झोत तिच्या वळलेल्या पृष्ठभागाला धरून वाहतो आणि खालच्या दिशेला वळतो. ‘जोरात वाहणाऱ्या हवेचा दाब आपोआप कमी असतो’ एवढंच सांगितलं, तर एखादं चौकस पोर सरळ उभ्या लोंबणाऱ्या कागदाच्या एका अंगाने फुंकून बघेल. कागद फारसा हलणार नाही आणि तुमची पंचाईत होईल.

६. पंख्यांची हवा जमिनीवर आपटून परत वर येते, म्हणून ड्रोन उडतो ना?

नाही. तसं असतं तर ड्रोन उंच गेल्यावर पडला असता. ड्रोनचा पंखा म्हणजे गोल फिरणारे पंखच, आणि प्रश्न ४ मधलंच कारण इथेही लागू होतं: हवा खाली ढकलायची, तिच्याकडून वर ढकलून घ्यायचं. खाली जमीन असो वा नसो.

मुलांच्या या कल्पनेत थोडं तथ्य मात्र आहे. जमिनीच्या अगदी जवळ, पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत, खाली जाणाऱ्या हवेला वाट मिळत नाही आणि तेवढ्याच ताकदीत जास्त रेटा मिळतो. म्हणून उतरताना ड्रोन शेवटच्या थोड्या अंतरात तरंगल्यासारखा अडतो. छताजवळ उलटा खेळ होतो. वरून हवा मिळत नाही, दाब कमी पडतो आणि ड्रोन छताला चिकटायला धावतो. बुटक्या छताच्या खोलीत उडवताना हे लक्षात ठेवा.

७. पंखे चारच का? आणि त्यातले दोन उलटे का फिरतात?

मोटर पंख्याला एका दिशेने फिरवते तेव्हा पंखा मोटरीला, म्हणजेच ड्रोनच्या अंगाला, उलट दिशेने पीळ देतो. सगळे पंखे एकाच दिशेने फिरले असते तर ड्रोन स्वतःभोवती गिरक्या घेत राहिला असता. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली एक जोडी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि दुसरी उलट फिरते, म्हणून पीळ एकमेकांत मिटतात. हेलिकॉप्टर याच कामासाठी शेपटीवर छोटा पंखा ठेवतं.

चारच का, तर चार गोष्टी स्वतंत्रपणे सांभाळायच्या असतात: वर-खाली, पुढे-मागे झुकणं, डावी-उजवीकडे झुकणं आणि जागच्या जागी वळणं. पात्यांचा कोन बदलता येत नसेल तर या चारांसाठी किमान चार वेग हातात हवेत. सहा किंवा आठ पंखे जास्त वजन उचलायला आणि सुरक्षेसाठी लावतात (पाहा प्रश्न १९).

८. पुढे ढकलणारा पंखाच नाही, तर ड्रोन पुढे जातो कसा?

झुकून. मागचे दोन पंखे थोडे जोरात आणि पुढचे थोडे हळू फिरले की नाक खाली जातं. आता रेटा सरळ वर न राहता वर आणि पुढे असा विभागतो. वरचा वाटा घटला म्हणून उंची राखायला सगळेच पंखे थोडे जोरात फिरवावे लागतात, आणि ते आजकाल ड्रोन आपणच करतो. जागेवर वळण्यासाठी एकाच दिशेने फिरणारी जोडी जोरात आणि दुसरी हळू केली जाते. पीळ मिटेनासा होतो आणि अंग फिरतं.

मुलांना चार कोपऱ्यांत उभं करा. प्रत्येक जण एक मोटर. तुम्ही ‘डावीकडे!’ म्हणालात की ज्याची मोटर जोरात जायला हवी त्याने हात वर करायचा. ‘जागेवर वळा’ म्हटल्यावर पहिल्या खेपेला हमखास गोंधळ उडतो. त्या गोंधळातच प्रश्न ७ पक्का होतो.

९. वर चढताना रेटा वजनापेक्षा जास्त असतो, बरोबर?

चढायला लागताना, हो. एकसारख्या वेगाने चढत असताना, नाही. मोठ्यांचाही इथे घोटाळा होतो.

अधांतरी स्थिर ड्रोनवर रेटा आणि वजन सारखे. वर निघायचं तर वेग शून्यावरून वाढवायचा, म्हणून क्षणभर रेटा वजनापेक्षा जास्त हवा. एकदा ठरावीक वेग आला आणि तो बदलत नसेल, तर न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे सगळ्या बलांची बेरीज शून्य. म्हणजे रेटा पुन्हा वजनाएवढाच, वर हवेच्या अवरोधापुरता किंचित. वर पोचून थांबताना तर रेटा थोडा वेळ वजनापेक्षा कमी असतो.

मुलं लगेच विचारतात, ‘मग चढताना मोटर जास्त का ओरडते?’ प्रश्न रास्त आहे. चढताना पंख्यावर वरून हवा येत असते, त्यामुळे तेवढाच रेटा मिळवायला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि ऊर्जा जास्त लागते. बल तेवढंच, काम जास्त. हा फरक एकदा ड्रोनवर बसला की पाठ्यपुस्तकातला बल आणि ऊर्जेचा धडा निम्मा झाला म्हणून समजा.

१०. रेटा प्रत्यक्ष मोजता येतो का?

स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर येतो. एका उंच बाटलीत वाळू भरा, ती काट्यावर ठेवा आणि ड्रोन बाटलीच्या टोकावर पक्का बांधा. काट्यावर समजा ९०० ग्रॅम दिसतात. थ्रॉटल, म्हणजे मोटरींचा जोर, हळूहळू वाढवा. आकडा उतरत जाईल आणि जेवढा उतरला तेवढा रेटा. ८०० दिसले तर रेटा १०० ग्रॅम वजनाएवढा. ड्रोनचं स्वतःचं वजन माहीत असेल तर तो कुठल्या थ्रॉटलला जमीन सोडेल, हे उडवण्याआधीच सांगता येतं.

दोन गोष्टी सांभाळा. बाटली बुटकी असली तर पंख्यांची हवा काट्यावरच आपटून त्याला खाली दाबते आणि आकडे बिघडतात. दुसरं, उंची आपोआप राखणारा ड्रोन यासाठी नको. ‘वर जायला सांगितलं पण मी हललो नाही’ असं त्याला वाटतं आणि तो स्वतःच मोटरींचा जोर वाढवत नेतो. डोळ्यांवर चष्मे असू द्या आणि मुलं चार हात लांब.

११. रिमोट सोडला तरी ड्रोन जागेवर कसा थांबतो?

त्याच्या पोटात बरीच मंडळी कामाला असतात. जायरोस्कोप किती वेगाने कलतोय ते सांगतो, त्वरणमापक ‘खाली’ कुठे आहे ते शोधायला मदत करतो, दाबमापक हवेच्या दाबातल्या बारीक फरकावरून उंचीचा अंदाज देतो. काहींत खाली पाहणारा छोटा कॅमेरा असतो, तो जमिनीवरच्या खुणा सरकतात का ते बघतो. मोठ्या ड्रोनमध्ये जीपीएसही असतं. हे सगळं वाचून आतली चिप सेकंदाला शेकडो वेळा चारही मोटरींचे वेग दुरुस्त करते.

म्हणूनच एकरंगी, चकचकीत फरशीवर ड्रोन उगाच वाहवत जातो. खालच्या कॅमेऱ्याला धरायला खूणच सापडत नाही. फरशीवर वर्तमानपत्रं पसरा आणि फरक बघा. सेन्सर म्हणजे काय हे समजावायला याहून स्वस्त प्रयोग नाही.

१२. पहिला ड्रोन कसा निवडावा?

हलका, पंख्यांभोवती कडी असलेला, सुटे पंखे आणि बॅटऱ्या सहज मिळणारा. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलकडे दुर्लक्ष करा. उंची राखण्याची सोय बंद करता येत असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ती बंद केल्यावरच मुलांना तोल म्हणजे काय ते कळतं. ‘हेडलेस’ नावाची सोय मात्र सुरुवातीपासून बंद ठेवा. तिच्यामुळे ड्रोनचं नाक कुठेही असलं तरी डावं ते डावंच राहतं. ड्रोन तुमच्याकडे तोंड करून असला की त्याचं डावं तुमचं उजवं होतं, ही खरी अडचण मुलांना कधीतरी पार करावीच लागते.

१३. बॅटरीची इतकी भीती का घालता?

लिथियम पॉलिमर बॅटरी बिघडली तर फुगते आणि पेट घेऊ शकते, म्हणून. एका सेलचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. साधारण ३ व्होल्टच्या खाली ती कधी जाऊ देऊ नये. बरेच दिवस ठेवायची असेल तर भरून ठेवू नका आणि रिकामीही नको, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. उडवून आल्यावर बॅटरी कोमट असते, ती थंड झाल्यावरच चार्जिंगला लावा. चार्जिंग चालू असताना खोलीत कुणीतरी मोठं हवं. फुगलेली, चेपलेली, भोक पडलेली बॅटरी वापरातून कायमची बाद. ‘अजून चालतेय की’ हे कारण ऐकून घेऊ नका.

वर्गात एका मुलाला बॅटरीचा कारभारी नेमा. कोणती भरलेली, कोणती वापरलेली, कितव्यांदा, हे सगळं त्याच्या वहीत.

१४. एवढ्याशा प्लास्टिकच्या पंख्याने काय लागणार?

हे गणित मुलांनाच करायला द्या. पंख्याचा व्यास ६.५ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला २०,००० फेरे धरा. टोक एका फेरीत सुमारे २० सेंटिमीटर जातं, सेकंदाला ३३३ फेरे, म्हणजे सेकंदाला ६८ मीटर. ताशी जवळपास २४५ किलोमीटर. बोटाला चीर पडायला आणि डोळ्याला कायमची इजा व्हायला हे पुरेसं आहे. लांब केस बांधलेले, ओढणी-मफलर काढलेले, डोळ्यांवर चष्मा, आणि ड्रोन हातात झेलायचा नाही. आधी बॅटरी काढायची, मग पंख्याला हात.

१५. पंखे बदलले आणि ड्रोन उडायच्या ऐवजी उलटतोय. बिघडला का?

बहुधा पंखे चुकीच्या जागी बसले आहेत. प्रश्न ७ मध्ये सांगितल्याप्रमाणे दोन जोड्या उलट फिरतात, म्हणून त्यांच्या पात्यांचा कलही एकमेकांच्या उलट असतो. पंख्याच्या मध्याशी बारीक अक्षर कोरलेलं असतं, तसंच अक्षर किंवा बाण भुजेवर सापडतो. सगळे पंखे उलटसुलट झाले तर हवा वर फेकली जाते आणि ड्रोन जमिनीला चिकटून घरघरत बसतो.

दुरुस्त करण्याआधी पंखा भिंगाखाली धरा. मधल्या भागाशी पातं जास्त तिरकं आणि टोकाकडे सपाट होत गेलेलं दिसेल. टोक जास्त वेगाने हवा कापतं, त्याला कमी कोन पुरतो. हा पीळ मुलांनी स्वतः शोधून काढला तर प्रश्न ४ ची उजळणी आपोआप होते.

१६. तीस मुलं आणि एक ड्रोन. रांग लावली की गोंगाट होतो.

रांग लावू नका, गट पाडा. चालक, नजर ठेवणारा, नोंद करणारा, बॅटरीचा कारभारी. दर उड्डाणाला कामं फिरवा. नजर ठेवणाऱ्याने ‘खाली’ म्हटलं की चालकाने वाद न घालता उतरवायचं. रिमोट नेहमी त्याच दोघा-तिघा धीट मुलांकडे जातो, हे ध्यानात ठेवून पहिल्या फेरीत मुद्दाम मागे राहणाऱ्यांना चालक करा. बाकीच्या गटांकडे तोवर भिरभिरी आणि वजनकाटा आहेच.

१७. परवानगी लागते का?

नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलत असतात, म्हणून आपल्या देशाच्या नागरी विमान वाहतूक यंत्रणेचं अधिकृत संकेतस्थळ स्वतः बघा. अमेरिका, युरोपीय संघ आणि भारत यांच्यासह अनेक ठिकाणी २५० ग्रॅम ही वजनाची महत्त्वाची रेषा आहे. तिच्याखाली नियम सौम्य असतात. सौम्य म्हणजे मोकळीक नव्हे. विमानतळाजवळ, गर्दीवर, दुसऱ्याच्या खिडकीशी उडवणं हलक्या ड्रोननेही चालत नाही. बंद सभागृहात हवाई नियमांचा प्रश्न सहसा येत नाही, वर्गासाठी आम्ही तेच सुचवतो. मुलांचं चित्रण होणार असेल तर पालकांची संमती आधी घ्या.

१८. दुप्पट बॅटरी लावली तर ड्रोन दुप्पट वेळ उडेल ना?

नाही, आणि का नाही ते मोजता येतं. अधांतरी राहायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. वजन दुप्पट झालं तर शक्ती दुप्पट नव्हे, सुमारे २.८ पट लागते.

समजा ड्रोन १०० ग्रॅमचा, त्यात बॅटरी ३० ग्रॅमची आणि उड्डाण १० मिनिटांचं. दुसरी तशीच बॅटरी जोडली की वजन १३० ग्रॅम, म्हणजे १.३ पट. १.३ चा दीडावा घात सुमारे १.४८. ऊर्जा दुप्पट, खर्च १.४८ पट, म्हणून वेळ १.३५ पट, साडेतेरा मिनिटं. आणखी बॅटऱ्या लावत गेलात तर प्रत्येक नवी बॅटरी आधीपेक्षा कमी मिनिटं देते. पुढे तर वेळ उलट घटायला लागतो, त्याआधी मोटरी दमल्या नाहीत तर.

वेळ वाढवायचा चांगला मार्ग म्हणजे मोठे पंखे, हळू फिरणारे. थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू ढकलण्यात ऊर्जा कमी लागते.

१९. उडताना एक पंखा बंद पडला तर?

साधा क्वाडकॉप्टर कोसळतो. पण २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ‘ईटीएच झुरिक’ या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की योग्य गणित चिपमध्ये असेल तर ड्रोन स्वतःभोवती गरगरत का होईना, हवेत राहून सावकाश उतरू शकतो. वळण्यावरचा ताबा सोडून द्यायचा आणि बाकीचं वाचवायचं, अशी ती तडजोड. सहा-आठ पंख्यांच्या ड्रोनला एवढी कसरत करावी लागत नाही.

२०. चालत्या बसमध्ये ड्रोन अधांतरी ठेवला तर तो मागच्या काचेवर आदळेल का? आणि बंद खोक्यात उडणाऱ्या ड्रोनचं वजन काट्यावर दिसेल का?

दोन्ही प्रश्न मुलांचे आहेत, आणि आमचे लाडके.

बस एकसारख्या वेगाने सरळ जात असेल आणि खिडक्या बंद असतील तर काही होणार नाही. आतली हवा आणि ड्रोन दोघेही बसच्याच वेगाने चालले आहेत. बसने वेग घेतला की ड्रोन मागे सरकेल, कारण त्याला पुढे न्यायला फक्त आजूबाजूची हवा आहे, आणि तिचा धक्का क्षीण. खाली कॅमेरा असेल तर फरशी सरकताना पाहून तो पुढे झुकायचा प्रयत्न करेल. हे प्रत्यक्ष बसमध्ये करून बघू नका, कागदावरच करा.

खोक्याचं उत्तर: खोकं हवाबंद असेल तर काटा खोकं आणि ड्रोन यांचं पूर्ण वजन दाखवेल, ड्रोन तळाला टेकलेला असो वा अधांतरी. ड्रोन हवेला खाली ढकलतो आणि ती हवा शेवटी खोक्यालाच खाली ढकलते. वर उसळी घेताना काटा क्षणभर जास्त दाखवेल, मोटरी बंद करून तो पडत असताना कमी. खोकं जाळीचं असेल तर बरीच हवा बाहेर निसटते आणि आकडा घटतो.

२१. चंद्रावर ड्रोन उडेल का? मंगळावर तर उडाला होता ना?

चंद्रावर ढकलायला हवाच नाही, तिथे पंख्याचा उपयोग शून्य. मंगळावर हवेची घनता पृथ्वीच्या सुमारे १ टक्का आहे, पण गुरुत्वाकर्षणही ३८ टक्केच. तिथे ‘नासा’चं १.८ किलोचं ‘इंजेन्युइटी’ १९ एप्रिल २०२१ रोजी पहिल्यांदा उडालं, सुमारे ३ मीटर उंच, ३९ सेकंद. एवढ्या विरळ हवेसाठी त्याची पाती टोकापासून टोकापर्यंत १.२ मीटरची होती आणि मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या आसपास फिरत. एकावर एक, उलट दिशांना फिरणाऱ्या दोन जोड्या. कारण प्रश्न ७ मध्ये आहे. पाच उड्डाणांच्या चाचणीसाठी पाठवलेलं हे यान ७२ वेळा उडालं आणि जानेवारी २०२४ मध्ये पातं मोडल्यावर थांबलं. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या कापडाचा एक तुकडा त्याच्यासोबत होता.

शनीच्या टायटन या उपग्रहावर परिस्थिती नेमकी उलट. हवा आपल्यापेक्षा सुमारे चौपट दाट, गुरुत्वाकर्षण सातव्या हिश्शाएवढं. तिथे पाठवायच्या ‘ड्रॅगनफ्लाय’ला आठ पंखे असणार आहेत. उडण्यासाठी टायटन पृथ्वीपेक्षा सोपा का, हा प्रश्न गृहपाठाला द्या.

२२. क्वाडकॉप्टर इतका साधा आहे, तर तो शंभर वर्षांपूर्वीच का नाही आला?

आला होता. १९०७ मध्ये फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि शार्ल रिशे यांचं चार फिरत्या पंखांचं यान जमिनीपासून जेमतेम उचललं गेलं, तेही चार बाजूंनी माणसांनी सावरून धरलेलं असताना. १९२२ मध्ये अमेरिकन लष्करासाठी जॉर्ज डी बोथेझाट यांनी बांधलेलं यान उडालं, पण चालकाला ते सांभाळणं मुश्कील होतं. माणूस सेकंदाला शेकडो दुरुस्त्या करू शकत नाही. प्रश्न ११ मधली नखाएवढी सेन्सर आणि चिप, शिवाय हलकी बॅटरी, हे सगळं हाताशी आल्यावर कल्पना चालू लागली.

२३. पडद्यावरचे ब्लॉक जोडून किंवा पायथॉन या संगणकभाषेत प्रोग्राम लिहून ड्रोन चालवायला शिकवावं का?

हो, पण हाताने उडवून झाल्यावर. ‘एक मीटर पुढे जा’ असं लिहून ड्रोन नव्वद सेंटिमीटर गेला, तर मूल प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतं. सेन्सरचं वाचन आणि वारा यांचा अनुभव हाताला असेल तर ते आधी खाली फरशीकडे बघतं. चौकोन काढायला लावा. ड्रोन निघाला त्याच जागी परत येत नाही आणि का येत नाही यावर चर्चा पेटते.

२४. सरळ खाली उतरवताना ड्रोन अचानक डगमगतो. वाऱ्यामुळे?

वारा नसतानाही असं होतं. झपाट्याने सरळ खाली आलात की ड्रोन स्वतःच खाली फेकलेल्या हवेत शिरतो. पंख्यांच्या कडांभोवती तीच हवा गोल गोल फिरत राहते, रेटा घटतो, आणि घाबरून थ्रॉटल वाढवला तर घुसळण आणखी वाढते. हेलिकॉप्टरचे वैमानिकही याला जपून असतात. यावर उपाय म्हणजे हळू उतरणं, किंवा उतरता उतरता थोडं पुढे सरकत राहणं, म्हणजे पंख्यांना ताजी हवा मिळते. डगमग सुरूच झाली असेल तर आधी काठी पुढे, थ्रॉटल नंतर.